पुस्तिका नसलेला सरडा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

मागच्या आठवड्यात मुलांच्या पानावर लेगोसारख्या ठोकळ्यांबद्दल जो लेख आला त्यात म्हटलंय की या खेळात आता डोकं लागतच नाही, पुस्तिका उघडायची, नंबरवार पिशव्या फोडायच्या, ठोकळे बसवायचे आणि खोक्यावरच्या फोटोसारखं झालं की शोकेसमध्ये ठेवून द्यायचं. अर्धं पटलं मला. उरलेल्या अर्ध्यासाठी हे पत्र लिहितेय, कारण गेले दोन महिने मी आणि माझी नऊ वर्षांची भाची मिळून जंगलातला एक सरडा बनवतोय, जो जगात कुठेच राहत नाही आणि ज्याची पुस्तिकाही कोणी छापलेली नाही.

मला आधी वाटलेलं की कल्पनेतलाच प्राणी आहे, काहीही चालेल. नाही चालत. पहिला बनवला त्याचे चारही पाय टेबलासारखे सरळ खाली, घरात ज्याने बघितला त्याने कुत्रा म्हटलं, हिरवा रंग असूनही! मग आम्ही खऱ्या सरड्यांचे व्हिडिओ लावून बसलो, थांबवून थांबवून बघितले. मांडी अंगातून आडवी बाहेर येते मग गुडघ्यात खाली वळते, पोट जमिनीच्या जवळ, आणि चालताना पुढचा डावा मागच्या उजव्यासोबत पडतो त्यामुळे अख्खं अंग नागमोडी होतं. मांड्या आडव्या केल्या आणि एकही नवा ठोकळा न लावता तो सरपटणारा प्राणी दिसायला लागला, भाची तर ओरडलीच.

त्यानंतर आमची उधारी सुरू झाली. शॅमेलिऑन म्हणजे रंग बदलणारा सरडा, त्याच्या पायाची बोटं दोन जुड्यांत असतात, एकीकडे दोन एकीकडे तीन, चिमट्यासारखी फांदी पकडायला, ती घेतली. ड्रॅको नावाचा उडता सरडा असतो त्याच्या बरगड्याच लांब होऊन बाजूला बाहेर येतात आणि त्यांच्यावर कातडीचा पडदा ताणलेला असतो, त्या बरगड्या घेतल्या. बॅसिलिस्क नावाचा सरडा पाण्यावरून मागच्या दोन पायांवर धावतो, त्याच्या बोटांना झालर असते, तीही भाचीला हवी होती. पण सगळंच एका अंगावर चढवलं तर प्राणी राहत नाही, जत्रा होते. मी तिला एवढंच विचारलं की हा राहतो कुठे, तर म्हणाली, मावशी, हा उंच झाडावरच राहतो, खाली उतरतच नाही. मग पाण्यावर धावायची झालर कशाला? तिने स्वतःच काढली. हे मला फार महत्त्वाचं वाटतं, कल्पना करायची म्हणजे काय ठेवायचं नाही हेही ठरवायचं आणि ते तिला कोणी शिकवलेलं नव्हतं.

अंगावरच्या खवल्यांनी मात्र घाम काढला. ठोकळ्याची बटणं, म्हणजे जोडायचे गोल उंचवटे, वरच्या बाजूला असतात आणि खवले तर कुशीवर हवेत, म्हणजे काही ठोकळे आडवे लावायला लागतात, त्यासाठी बाजूला बटण असलेले तुकडे मिळतात. पण आडवा भाग उभ्या भागात बरोबर बसायला तर हवा, आमचा कधी फट ठेवायचा कधी बसायचाच नाही. मग पट्टी घेऊन मोजलं. एका बटणाच्या मध्यापासून दुसऱ्याच्या मध्यापर्यंत 8 मिमी. प्लेट म्हणजे पातळ चपटा ठोकळा, 3.2 मिमी जाड, तीन प्लेटा म्हणजे एक ठोकळा, 9.6. तर आडव्या केलेल्या किती प्लेटा किती बटणांच्या जागेत बरोबर मावतील? पाढे म्हटलं की पळणारी ही मुलगी 3.2 ला दोनाने, तिनाने, चाराने गुणत गुणत पाचावर आली, 16, म्हणजे दोन बटणं! पाच प्लेटा बरोब्बर दोन बटणांच्या जागेत. त्या संध्याकाळी अख्खी डावी कूस खवल्यांनी भरली.

कमरेला आधी बॉल जॉइंट, म्हणजे खोबणीत गोळी फिरते तसले सांधे, लावले होते, ते वजनाने सरकायचे आणि सरडा हळूहळू पसरायचा, म्हणून अंग आतून पोकळ केलं आणि कमरेला टक टक आवाज करत अडकणारी बिजागरी लावली, आता उभा राहतो. शेपटीची गंमत तर वेगळीच आहे. चार, तीन, दोन, एक अशी निमुळती केलेली, उचलली की दरवेळी एकाच जागी तुटायची. मी ती पक्की करायला बसले तर भाची म्हणाली राहू दे, पालीची पण तुटते ना. खरंच आहे की, बऱ्याच सरड्यांच्या आणि पालींच्या शेपटीच्या मणक्यांतच तशा कच्च्या जागा असतात, शत्रूने पकडली की तिथून सुटते. आम्ही तो जोड तसाच ठेवला, आता शेपटी धरून उचललं की तेवढाच तुकडा हातात येतो.

आता तक्रार. हा सरडा एका स्पर्धेत नेला होता तर परीक्षकांनी पहिला प्रश्न विचारला, हा कुठल्या सेटचा, खोका कुठाय? खोका नाही म्हटल्यावर पुढे काही विचारलंच नाही, खवलेही बघितले नाहीत, शेपटीही नाही. पोर घरी येईपर्यंत एक शब्द बोलली नाही. अहो, चार-चारच्या दोन ओळींत आठ बटणं असलेले एकाच रंगाचे फक्त सहा ठोकळे घेतले तरी ते 91 कोटी 51 लाख 3 हजार 765 प्रकारे जोडता येतात, आणि आपण मुलांना विचारतोय फोटोसारखं झालं का. 1958 साली लेगोने ज्या रचनेचं पेटंट घेतलं तेव्हाचे ठोकळे आजच्या ठोकळ्यांत बसतात, ते काय एकदा जोडून काचेत ठेवायला?

पुस्तिकेवर माझा राग नाही, जोड कसे मारायचे ते आम्ही तिच्यातूनच शिकलो. फक्त एकदा पूर्ण झालं की मोडू द्या हो मुलांना. आणि तुम्हाला विनंती अशी की मुलांच्या पानावर एक छोटा चौकोन अशा खोका नसलेल्या प्राण्यांसाठी ठेवा, फोटो आणि खाली मुलानेच लिहिलेल्या दोन ओळी, हा कुठे राहतो, काय खातो आणि याचे पाय असे का आहेत.

आमच्या सरड्याची जीभ अजून अडलीये. शॅमेलिऑनसारखी अंगापेक्षा लांब हवी आणि परत तोंडात गेली पाहिजे. दोऱ्याने बाहेर येते पण आत जाताना खालच्या जबड्याला अडकते. वाचकांपैकी कोणी असं काही केलं असेल तर याच सदरात जरूर कळवा, भाची रोज सकाळी पेपर आधी उघडून बघणार आहे.

आपली,
एक नियमित वाचक