कजा रोजे आणि किचनचं दार

कौसा, मुंब्रा
जानेवारी २०२६

प्रिय मने,

परवा तू विचारलंस "तुमच्यात पण बाजूला बसायला लागतं का गं" आणि मी विषय बदलला, सॉरी, शेजारी भाऊ बसला होता. तर नाही बसत. तुझ्या आजीकडे कावळा शिवला की कोपरा, वेगळं ताट, तसलं काही नाही, मी त्या दिवसांत पण भाकऱ्या थापते आणि अम्मी माझ्याच ताटातलं उचलून खाते. हदीसमध्ये, म्हणजे पैगंबर साहेबांच्या आठवणी-वचनांत, तर आहे, त्यांच्या बीवी हजरत आयशा पाळीत असताना भांड्याला जिथे ओठ लावून प्यायच्या तिथेच ओठ लावून पैगंबर साहेब प्यायचे.

बंद काय, तर नमाज, रोजा, काबाचा तवाफ म्हणजे प्रदक्षिणा आणि नवरा-बायकोचा संबंध. कुरआन हातात घेत नाही, दुआ-जिक्र, म्हणजे प्रार्थना आणि अल्लाहचं नाव घेणं, चालतं. सुटलेली नमाज माफच, पण रोजे नंतर मोजून भरायचे, त्याला कजा म्हणतात.

त्रास वेगळाच आहे. रोजा नसतो हे घरातल्या पुरुषांना कळू द्यायचं नाही, म्हणून किचनचं दार लोटून, नळ चालू ठेवून, उभ्या उभ्या रात्रीची चपाती चहात बुडवून खायची, आणि भाऊ आला की तोंडातला घास तसाच. सूट अल्लाहने दिलीय आणि खातेय मी चोरासारखी! बायकांत तर पाळी म्हणत पण नाहीत, "माझी नमाज नाहीये" एवढंच.

गेल्या वर्षी बारा दिवस चाललं. वरच्या मजल्यावरच्या खाला हनफी पंथाच्या, त्या म्हणाल्या दहा दिवसांच्या पुढचं हैज, म्हणजे पाळी, नाही, गुस्ल म्हणजे पाक व्हायची अंघोळ कर आणि नमाज सुरू कर. आम्ही कोकणी शाफई पंथाचे, आमच्यात पंधरा दिवसांपर्यंत धरतात, अम्मी म्हणाली थांब. मी आपली दोघींच्या मध्ये, शेवटी अम्मीचं ऐकलं, नाहीतर घरात राहायचंय कुठे.

मार्च २०२५ च्या रमजानमधले सात सुटलेले, कॅलेंडरवर पेन्सिलने टिका मारल्यात, पाच झाले. पुढचा रमजान फेब्रुवारीत येतोय, त्याच्या आत नाही भरले तर आमच्यात रोजा राहतोच वर गरिबाला धान्य पण द्यायला लागतं. म्हणून रविवारी एक उरकते. तू येच, पण मगरिबनंतर, म्हणजे सूर्य मावळून रोजा सुटल्यावर, आणि ठाण्याहून येताना गरम जिलेबी आण.

तुझीच,
रुखी