स्कॅलॉप हा मासा नव्हे

मा. संपादक,
स.न.वि.वि.

पाककृतींच्या पुरवणीत स्कॅलॉपला 'मासा' म्हटले गेले, ती चूक दुरुस्त व्हावी. हा समुद्री शिंपला आहे. पैठणच्या गोदाकाठचे शिंपले चिखलात रुतून बसलेले पाहणाऱ्या माझ्या विद्यार्थ्यांना, शिंपा झपाझप मिटत आणि बिजागरीलगतून पाण्याचा झोत सोडत स्कॅलॉप पोहतो, हे आधी खरेच वाटत नाही. पंख्यासारख्या रेघांची त्याची शिंप मग वर्गात हातोहात फिरते. त्याच्या कडेला २०० पर्यंत बारीक डोळे असू शकतात, आणि प्रतिमा उमटवायला त्यांत चक्क आरसा असतो! शिंपा मिटणारा पांढरा, गोल स्नायूच बहुधा ताटात येतो. तापल्या तव्यावर तो दोन्ही बाजूंनी जेमतेम दोन-दोन मिनिटे भाजावा, अन्यथा रबरासारखा चिवट होतो.

आपली,
एक शिक्षिका, पैठण