अबरडेरच्या गवतातली चिचुंद्री

न्येरी, केनिया

प्रिय सुहास,

सप्रेम नमस्कार.

आफ्रिकेत राहतोस आणि सिंह-हत्तींबद्दल चकार शब्द लिहीत नाहीस, ही तुझी तक्रार पोचली. त्यांच्याबद्दल लिहिणारे पुष्कळ आहेत रे. मला तुला एका चिचुंद्रीबद्दल सांगायचंय.

आमच्या पश्चिमेला अबरडेरची रांग आहे. इथले किकुयू लोक तिला न्यांदारुआ म्हणतात. १९५२ मध्ये इंग्लंडची एलिझाबेथ इथल्या ट्रीटॉप्स या झाडावरच्या हॉटेलात मुक्कामाला असताना तिचे वडील वारले आणि ती राणी झाली, त्यामुळे ती जागा सगळ्यांना ठाऊक असते. पण बांबूचं रान मागे टाकून तीन हजार मीटरच्या वर गेलं की झुबकेदार गवत, ओली काळी माती आणि धुकं. तिथे राहते ही चिचुंद्री, अबरडेर मोल श्रू.

पायवाटेवर मेलेली सापडली. उचलून पानावर ठेवली आणि बराच वेळ न्याहाळत बसलो. दाट, मऊ, गडद तपकिरी केस. कान त्या केसांतच बुडालेले, शोधावे लागतात. डोळे मोहरीएवढे. शेपूट आखूड. आणि पुढच्या पायांच्या नख्या! एवढ्याशा जिवाच्या मानाने केवढ्या लांब आणि दणकट. माती उकरायची, गांडुळं नि किड्यांच्या अळ्या खायच्या, हा तिचा धंदा. खरे मोल, म्हणजे जमिनीखाली बोगदे खणून राहणारे ते छोटे प्राणी, आफ्रिकेत नाहीतच. इथे हे काम चिचुंद्रीच्याच कुळातल्या एका शाखेने अंगावर घेतलं आणि शरीरही तसंच घडत गेलं.

आता खरी गंमत ऐक. आकाश स्वच्छ असेल तर अबरडेरवरून माउंट केनिया समोर दिसतो. तिथेही मोल श्रू आहे, पण ती जात वेगळी! अबरडेरच्या जातीचं वर्णन ओल्डफील्ड थॉमस या प्राणिशास्त्रज्ञाने १९०६ मध्ये केलं, माउंट केनियाच्या जातीचं हॉलिस्टर या दुसऱ्या प्राणिशास्त्रज्ञाने १९१६ मध्ये. तिसरी जात पार युगांडाच्या सीमेवरच्या माउंट एल्गनवर, तिचं वर्णन व्हायला २००९ उजाडलं. तीन डोंगर, तीन जाती, आणि जगात दुसरीकडे कुठेही नाहीत. हिमयुगातल्या थंडीत डोंगरमाथ्यावरची झाडं-गवतं बरीच खाली उतरली होती. ऊब वाढली तशी ती पुन्हा वर सरकली, आणि मधल्या उष्ण सखल भागाने या जीवांच्या वाटा बंद केल्या.

आणि माझी काळजी तीच आहे. ऊब अजून वाढतेय. सातिमा हे अबरडेरचं सर्वांत उंच टोक जेमतेम चार हजार मीटर. त्याच्या वर सरकणार कुठे? फेब्रुवारी २०२२ मध्ये वरच्या माळाला आगही लागली होती. हत्ती कमी झाले तर मोजणारे असतात. ही कमी झाली तर कळणार कशी? तिची गणती करायची म्हणजे जमिनीत काठापर्यंत बादल्या पुरायच्या, मधून प्लॅस्टिकची आडवी भिंत ओढायची, म्हणजे तिला अडून ती बादलीत पडते, आणि थंडीत पहाटे उठून प्रत्येक बादलीत डोकवायचं. उशीर करून चालत नाही, कारण चिचुंद्रीला काही तास खायला मिळालं नाही तरी ती दगावते. हे काम नेटाने करणारी माणसं मोजकी आहेत, आणि माझ्या मते इथल्या अभयारण्यांच्या पैशातला एक वाटा त्यांना मिळायलाच हवा.

नख्यांचे फोटो काढलेत, ते पाठवतो. तुझ्या अकरावीच्या पोरांना दाखव, आणि त्यांनी काय काय विचारलं ते मला सविस्तर कळव. वहिनींना नमस्कार.

तुझा,
अनिरुद्ध