दारातली पाल

लॉस एंजेलिस,
रविवार, ४ मे २०२५

ती. दादास आणि सौ. वहिनींना सा. न. वि. वि.

मागच्या रविवारी फोनवर मी चिनूच्या पालीची गोष्ट सांगायला लागले आणि तू नेहमीसारखं ‘बरं बरं’ म्हणत फोन आईकडे दिलास. आईने ‘पाल’ एवढंच ऐकलं आणि विचारलं, कुठे पडली, डाव्या खांद्यावर की उजव्या? ती पंचांग काढणार तेवढ्यात रेंज गेली. म्हणून लिहायला बसले. आता तुला पत्र मधेच कोणाकडे देता येणार नाही. आईला मात्र नंतर वाचून दाखव.

तर पाल कोणाच्या अंगावर पडलेली नाही. ती आमच्या दाराबाहेरच्या दिव्याखाली असते. रात्री नऊला येते, चिलटं खाते. तुला यात काय विशेष वाटणार म्हणा, आपल्या देव्हाऱ्यामागे तीन पिढ्या नांदताहेत. पण या शहरात ती परकी. भूमध्य समुद्राच्या बाजूची पाल, माणसांच्या सामानातून इकडे आलेली. म्हणजे आमच्यासारखीच, फक्त व्हिसाशिवाय. आपल्या घरातल्या पालींच्याच गोतातली आहे. आणि ती आमच्या दारात आहे, ही बातमी इथल्या म्युझियमला हवी होती! त्याचीच गोष्ट सांगायची आहे.

एक्स्पोझिशन पार्कात १९१३ साली उघडलेलं मोठं नॅचरल हिस्टरी म्युझियम आहे. चिनूला पहिल्यांदा नेलं तेव्हा मला वाटलं, काचेमागे पेंढा भरलेले प्राणी असतील, तासाभरात बघून होईल. ते आहेतच. ६३ फूट लांबीच्या देवमाशाचा सांगाडा आहे, टी-रेक्सचे तीन सांगाडे आहेत, पोर, तरणा आणि बाप्या असे ओळीने. गेल्या वर्षीपासून हिरव्या हाडांचा एक प्रचंड डायनासोरही आलाय. युटामध्ये तो खणून काढताना चिलटांनी लोकांना इतकं छळलं की त्याचं नावच चिलटांवरून ठेवलं, नॅटली. ग्रिझली अस्वलही आहे. या राज्याच्या झेंड्यावर तेच अस्वल आहे, पण राज्यात ते शेवटचं दिसलं १९२४ साली. झेंड्यावर राहिलं, डोंगरात नाही.

एवढे पैसे भरून आत गेलो आणि चिनू दीड तास बसली कुठे, तर मागच्या बागेत, एका कुजक्या ओंडक्यापाशी. साडेतीन एकरांची बाग आहे. पूर्वी तिथे गाड्या लावायचं सिमेंट होतं. ते उखडून इथल्याच मातीतली झाडं लावली, तळं केलं, आणि वाळकी लाकडं, पालापाचोळा मुद्दाम तसाच ठेवला. पोरं दगड उलटे करतात, खाली काय आहे ते बघतात आणि दगड परत जागेवर ठेवतात. परत ठेवायचा, हे आधी शिकवतात. तिथल्या एका बाईंनी चिनूला तळहातावर एक किडा दिला, हात लागला की गोळी होणारा, आपल्या शेणखताच्या खड्ड्यात असायचा तसाच. त्या एवढंच म्हणाल्या, ‘तुझ्या घरी हा आहे का? बघून सांग.’

मला हे वाक्य फार आवडलं. लहानपणी शाळेच्या सहलीला आपण पेशवे पार्कात वाघ पाहिला, फुलराणीत बसलो, घरी आलो, संपलं. तुमच्या ओतूरला काय आहे, असं कोणी विचारलं नव्हतं. विचारलं असतं तर तू मास्तरांना दिवसभर सोडलं नसतंस.

त्यांची अडचणही खरी आहे. ग्रेग पॉली म्हणून सरडे-पाली-सापांचे अभ्यासक तिथे आहेत. शहरात पाली कुठे कुठे पसरल्या हे त्यांना शोधायचंय, पण रात्री लोकांच्या अंगणात बॅटरी घेऊन फिरलं तर लोक पोलिसांनाच बोलावतील. म्हणून २०१३ पासून त्यांनी लोकांनाच सांगितलं की तुम्ही फोटो काढून पाठवा. या पालीची वस्ती आमच्या भागात, चॅट्सवर्थला, आहे हे कळलं तेही तिथल्या एका रहिवाशाने कळवलं म्हणून. शास्त्रज्ञाच्या नजरेतून सुटलेलं माणसाला रोज भिंतीवर दिसत होतं, फक्त ते सांगण्यासारखं आहे हे त्याला ठाऊक नव्हतं.

माश्यांची गंमत तर याहून भारी. २०१२ च्या सुमारास म्युझियमच्या ब्रायन ब्राऊन यांनी लोकांच्या परसांत मच्छरदाणीसारखे तंबू लावले. उडता किडा जाळीला धडकला की वर चढतो, आणि वर स्पिरिटची बाटली असते. असे तीस तंबू. पहिल्या तीन महिन्यांत सापडलेल्या बारीक माश्या सूक्ष्मदर्शकाखाली घातल्या, तर त्यांत तीस जाती जगात कोणी नोंदवलेल्याच नव्हत्या. जंगलात नव्हे, हॉलिवूडच्या शहरात! २०१५ मध्ये त्या जाहीर झाल्या तेव्हा नावं दिली ती ज्यांनी ज्यांनी अंगणात तंबू लावू दिला त्यांची. वहिनी, आपल्या गोठ्यात तंबू लावला तर तुमच्या नावाची माशी नक्की निघेल. दादाच्या नावाची गोमाशी.

एप्रिलच्या शेवटी इथे चार दिवसांची चढाओढ असते. २०१६ मध्ये लॉस एंजेलिस आणि सॅन फ्रान्सिस्को या दोन शहरांच्या म्युझियमवाल्यांनी पैज लावली की कोणाच्या शहरात लोकांना जास्त जीव दिसतात. आता त्यात जगभरची शेकडो शहरं असतात, भारतातलीही. यंदा २५ ते २८ एप्रिल होती. चिनूने शंभरावर फोटो काढले, त्यातले निम्मे अंगठ्याचे. बाकीच्यांत गोगलगायी, मधमाशा, आणि एक गुबगुबीत तपकिरी खार. ती खारही १९०४ च्या सुमारास बाहेरून आणून सोडलेली निघाली. इथली मूळची करडी खार डोंगराकडे सरकली आहे. पालीचा फोटो चढाओढीसाठी नेटवर टाकला, दोन दिवसांनी एका अनोळखी माणसाने तिच्या जातीचं नाव पक्कं केलं, आणि आमची सात वर्षांची बाई शाळेत सांगून आली की मी शास्त्रज्ञांना मदत करते. अमेय हसला. मी नाही हसले.

आता खरं ज्याच्यासाठी लिहायला बसले ते. फोनवर ते माझ्याच्याने बोलवलं नसतं.

इथे पी-बावीस नावाचा एक माउंटन लायन होता. नावात लायन असला तरी सिंह नव्हे, बिबट्याच्या मापाचा, अंगावर ठिपके नसलेला. हॉलिवूडची ती पांढरी अक्षरं आहेत ना, त्या डोंगरावर ग्रिफिथ पार्क आहे, चारी बाजूंनी शहर. २०१२ च्या फेब्रुवारीत तिथल्या आपोआप फोटो काढणाऱ्या कॅमेऱ्यात हा दिसला. तो फोटो ज्यांच्या हाती आला ते मिगेल ओर्डेन्याना त्याच पार्काजवळ लहानाचे मोठे झालेले, आणि आता याच म्युझियममध्ये काम करतात. पी-बावीस तिथे पोचला कसा, तर ४०५ आणि १०१ हे दोन महामार्ग ओलांडून. १०१ वरून मी रोज जाते. आठ-दहा पदरी रस्ता आहे, दिवसा गाडीत बसूनही मला भीती वाटते.

दहा वर्षं तो तिथे एकटा राहिला. हरणं खायचा. २०१४ मध्ये उंदीर मारायचं विष पोटात जाऊन खरूज झाली, तेव्हा धरून औषध दिलं. २०१६ मध्ये प्राणिसंग्रहालयातलं एक कोआला गेलं, संशय यांच्यावरच. माणसाच्या वाटेला कधी गेला नाही. शेवटी शेवटी पट्ट्यात धरलेलं एक कुत्रं मात्र नेलं, मग पकडला. वय झालेलं, गाडीचा मार बसलेला, किडनी गेलेली. १७ डिसेंबर २०२२ ला इंजेक्शन देऊन झोपवलं. त्याच्यासाठी शोकसभा झाली दादा, मोठं खुलं नाट्यगृह भरलं. तू म्हणशील, यांना उद्योग नाहीत.

चिनूने म्युझियममध्ये विचारलं, ‘पी-बावीस कुठल्या काचेत आहे?’ तो नाही तिथे. शरीर अभ्यासासाठी म्युझियमकडे यायचं होतं. पण इथले मूळचे लोक, चुमाश, टोंग्वा वगैरे, म्हणाले की हा आमचा नातलग आहे, त्याला मातीच द्यायची. म्युझियमने शब्द दिला की पेंढा भरणार नाही, मांडणार नाही. मार्च २०२३ मध्ये डोंगरात विधी करून त्याला पुरलं. जागा कोणाला सांगितलेली नाही. मला एकदम आपल्याकडची वाघबारस आठवली. पश्चिमेच्या आदिवासी गावांत शेंदूर लावलेल्या वाघोबापुढे खीर ठेवायचे, आणि त्यातली वाटीभर आपल्या घरी यायची.

आता १०१ वर, अगोरा हिल्सपाशी, जनावरांनी ओलांडायला एक रुंद पूल बांधताहेत. वर माती टाकून झाडं लावणार आहेत. चिनूने तो दाखवत विचारलं, ‘मामाकडे बिबट्या येतो, तो कुठून रस्ता ओलांडतो?’ मला उत्तर देता आलं नाही. तुला येईल. मादी ओढ्याने येते की कॅनॉलच्या कडेने, धरणाचं पाणी येऊन ऊस वाढला तेव्हापासून कुठल्या फडात वितात, हे तुला ठाऊक आहे. तोडणीत पिल्लं सापडली की वनखात्याची माणसं त्यांना संध्याकाळी त्याच जागी क्रेटमध्ये ठेवतात आणि रात्री आई येऊन नेते. तू लांब बांधावर उभा राहून ते पाहिलंस आणि आल्यावर जेवला नाहीस, वहिनींनी मला सांगितलंय. म्युझियममधल्या काचेसमोर उभं राहून मी हे सगळं चिनूला सांगत होते तर चार पोरं आणि त्यांचे आईबाप थांबून ऐकायला लागले. माझं मोडकं इंग्रजी ऐकत.

पण त्यातल्या एकीने ‘हाऊ ब्युटिफुल’ म्हटलं तेव्हा माझ्या पोटात गोळा आला. त्यांचा एक पी-बावीस होता, हरणं खाणारा. तुमच्याकडे किती आहेत आणि रात्रीची लाईट असली की तू दारं धरायला उसात वाकून उभा असतोस. पलीकडच्या वस्तीवरचं कुत्रं नेलं हे तू मागे सहज सांगितलंस, जसं काही पाऊस पडला. मी इथे बसून बिबट्याचं कौतुक तुला शिकवणार नाही. तू आमच्या पालीचं ऐकलं नाहीस म्हणून रागही नाही.

पाल शोधायला डोक्याला बांधायचा दिवा लागतो, हात मोकळे राहतात. चिनूसाठी घेतला तेव्हा दोन घेतले. दुसरा मोठा आहे, उजेड लांब जातो. अमेयचा मित्र २० तारखेला पुण्याला येतोय, त्याच्याकडे देते आहे, जादा सेलही आहेत. वहिनी, हा कपाटात ठेवू देऊ नका. आणि बरोबर कोणाला तरी घेतल्याशिवाय उसात जाऊ नकोस, दादा. मोबाईलवर गाणी मोठ्याने लाव, कुठलीही.

आईच्या गुडघ्याचं कळव. कांद्याचं काय झालं तेही.

तुझी,
सुमी

ता. क. चिनूला मामाच्या गोठ्यातल्या पालीचा फोटो हवा आहे. मापाला शेजारी रुपयाचं नाणं धर म्हणते, पाल थांबली तर.