दातांच्या दवाखान्यात खुर्चीच्या डाव्या बाजूला उभ्या राहणाऱ्या मदतनीस ताईंना

ताई, सप्रेम नमस्कार.

अक्कलदाढ काढून झाली की पेशंट आणि त्याच्या घरचे डॉक्टरांचे आभार मानून निघून जातात. गाल ओढून धरणारा, तोंडातलं रक्त-पाणी ओढणारी सक्शनची नळी सांभाळणारा हात कुणाचा होता हे त्यांच्या लक्षातही राहत नाही. तोवर अर्धं तोंड बधिर असतं आणि दिव्याच्या उजेडाने डोळे मिटलेले असतात. या ऑपरेशनचे धोके आम्ही डॉक्टर रोज सांगतो. त्यांतले किती तुमच्यामुळे टळतात, ते मात्र सांगायचं राहून जातं. म्हणून हे पत्र सगळ्यांसमोर.

तुमचं काम पेशंट खुर्चीत बसण्याआधीच सुरू होतं. केसपेपरवर 'औषधे : काही नाही' असं लिहून आलेल्या माणसाला तुम्ही पुन्हा विचारता, पण वेगळ्या शब्दांत. रक्त पातळ करायची गोळी चालू आहे का? हाडं ठिसूळ झाली म्हणून वर्षातून एकदा सलाइनमधून औषध घेतलंय का? तोंडाला किंवा मानेला कधी रेडिएशन दिलंय का? वर्षातून एकदा घेतलेलं इंजेक्शन कुणीच 'औषधात' मोजत नाही. पण झोलेड्रॉनिक ॲसिडसारख्या औषधानंतर जबड्याचं हाड भरून येण्याची ताकद कमी होते आणि दाढ काढलेल्या जागी ते महिनोन् महिने उघडं राहू शकतं. रेडिएशननंतरही तेच भय. रक्त पातळ करणाऱ्या ॲस्पिरिनचं उलटं आहे. पेशंट स्वतःच्या मनाने चार दिवस आधी गोळी बंद करून येतो आणि वाटतं, शहाणपणा केला. दाढेच्या खड्ड्यातलं रक्त दाबून, टाका घालून, रक्त थांबवणाऱ्या ट्रॅनेक्झॅमिक ॲसिडचा बोळा ठेवून थांबवता येतं. हृदयाच्या नळीत झालेली गुठळी अशी थांबवता येत नाही. "गोळी कुणी बंद करायला सांगितली?" हा तुमचा प्रश्न आम्हाला फार मोलाचा वाटतो.

मग तुम्ही तोंड उघडायला सांगता आणि पेशंटची स्वतःचीच तीन बोटं उभी आत जातात का ते बघता. गुटख्यावर महाराष्ट्रात २०१२ साली बंदी आली, तरी सुपारी-गुटख्याने गाल आतून कडक झालेली तोंडं अजून येतात. तिथे अवजार मागच्या दाढेपर्यंत नीट पोचत नाही आणि ऑपरेशननंतर जबडा आणखी आखडतो. हे आधी कळलं तर बेत बदलता येतो.

सगळ्यात जास्त भीती नसेची, आणि ती रास्त आहे. खालच्या दाढेच्या मुळांखालून हाडातल्या नळीतून एक संवेदनेची नस जाते. तिला इजा झाली तर खालचा ओठ आणि हनुवटी बधिर होते. ओठ वाकडा होत नाही, लकवा मारत नाही, कारण हालचालीची नस वेगळी आहे. पण चहा ओघळलेला कळत नाही, दाढी करताना कापलेलं कळत नाही. शंभरातल्या एक ते पाच जणांना असा बधिरपणा काही काळ येतो. कायमचा राहणारे शंभरात एकाहून कमी. मात्र मूळ नळीला खेटलेलं असेल तर हे आकडे धरून चालत नाही, धोका वाढतो. ओपीजी म्हणजे पूर्ण जबड्याच्या एक्स-रेवर त्याच्या खुणा दिसतात : मुळावरून काळी पट्टी गेलेली, नळीची पांढरी रेघ मध्येच तुटलेली, किंवा नळीने एकदम वळण घेतलेलं. यांतली एक जरी दिसली तरी तुम्ही फिल्म बाजूला काढून ठेवता, आणि आम्ही सीबीसीटी, म्हणजे जबड्याचा त्रिमितीय स्कॅन, करायला सांगतो. नस खरंच मुळाला चिकटलेली निघाली तर दाढेचा फक्त वरचा भाग कापून मुळं तशीच ठेवण्याचा पर्याय असतो. पण कीड आतल्या गाभ्यापर्यंत पोचली असेल किंवा कापताना मुळं हलली, तर तो पर्यायही उरत नाही.

जिभेची नस आणखी फसवी. ती एक्स-रेत दिसत नाही. आतल्या बाजूने, हिरडीच्या अगदी जवळून जाते, काही जणांत तर हाडाच्या कडेइतकी वर असते. ती दुखावली तर अर्धी जीभ बधिर होते, चवही जाते. जबडा मागे जाताना बाहेर गालाकडे वळतो, म्हणून चीरही गालाकडे वळवावी लागते. सरळ मागे नेलेली चीर हाड सोडून जिभेकडे उतरते. या सगळ्या वेळात तुम्ही जीभ आरशाने अडवून धरता. ओढत नाही, दाबत नाही, नुसती येऊ देत नाही. तो दाब किती असावा हे पुस्तकातून शिकता येत नाही.

हाड कोरताना सलाइनची धार तुमच्या हातात असते. हाड ४७ अंश सेल्सिअसला मिनिटभर तापलं तरी तिथल्या पेशी मरतात आणि जखम रेंगाळते. म्हणून धार बरच्या, म्हणजे हाड कोरणाऱ्या फिरत्या अवजाराच्या, टोकावर पडायला हवी. ती दाढेच्या माथ्यावर पडत राहिली तर उपयोग नाही. सिमेंट भरायच्या वेळचा हवेवर चालणारा टर्बाइन इथे वापरायचा नाही, हे नव्या मदतनिसांनाही तुम्हीच बजावता. त्याची हवा उघडलेल्या हिरडीखाली शिरून गाल आणि मान फुगवू शकते.

दाढ सैल करून उचलायचं अवजार, एलिव्हेटर, लावताना तुमचा तळहात जबड्याखाली असतो. त्यामुळे कानापुढच्या सांध्यावर ताण येत नाही. जबडा मोडणं फारच क्वचित घडतं, आणि घडलं तर बऱ्याचदा ऑपरेशननंतर दोन-चार आठवड्यांनी, कडक काही चावताना. म्हणून चाळिशीपुढच्या माणसाला चिक्की आणि शेंगदाणे महिनाभर बंद, हे तुम्ही न विसरता सांगता. दाढ तुकड्यांत निघाली तर ट्रेमध्ये ते तुकडे जोडून मुळाचं टोक राहिलं का, तेही बघता. वरच्या दाढेचं टोक सायनसमध्ये, म्हणजे गालाच्या हाडातल्या पोकळीत, सरकू शकतं, आणि ते तिथेच लक्षात यायला हवं. सायनस उघडला असेल तर दोन आठवडे नाक शिंकरायचं नाही, शिंक आली तर तोंड उघडं ठेवून द्यायची.

आता तुमच्या तिसऱ्या दिवसाच्या फोनबद्दल. आमच्या मते दवाखान्यातलं सगळ्यात मोलाचं काम ते.

घरी जाताना तुम्ही सांगता : बोळा पाऊण तास घट्ट चावून धरा, सारखा काढून बघू नका. चोवीस तास थुंकायचं नाही, चूळ भरायची नाही, स्ट्रॉने काही प्यायचं नाही. बाहेरून बर्फ पंधरा मिनिटं लावा, पंधरा मिनिटं थांबा. ताक, मऊ भात, गार पेज चालेल. दुसऱ्या दिवसापासून कोमट मिठाच्या पाण्याने हलकी चूळ. विडी, तंबाखू, मिश्री बंद. हे सगळं कशासाठी, तर खड्ड्यातली रक्ताची गाठ टिकावी म्हणून. ती निघाली की हाड उघडं पडतं. त्यालाच आम्ही ड्राय सॉकेट म्हणतो, आणि खालच्या अक्कलदाढेत तो इतर दातांपेक्षा बराच जास्त आढळतो.

सूज दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सगळ्यात जास्त असते. ते नेहमीचंच. पण दुखणं तोवर उतरणीला लागायला हवं. म्हणून फोनवर तुम्ही "दुखतंय का" असं विचारत नाही. विचारता, "कालच्यापेक्षा जास्त का कमी? कानाकडे जातंय का? तोंडाला वास येतोय का?" जास्त, कानाकडे आणि वास, असं उत्तर आलं की त्याच दिवशी बोलावता. सलाइनने धुऊन लवंगतेलाचं औषध असलेली पट्टी ठेवली की बहुतेकांना थोड्या वेळात उतार पडतो. तोवर कुणी दुकानातून अँटिबायोटिक आणून खाल्लेलं असतं, पण त्याने ही कळ जात नाही. लवंगतेल घरी थेट हिरडीवर ओतलं तर ती भाजते.

आणि गिळता येत नाही, जिभेखाली कडक सूज आहे, आवाज बदललाय, श्वासाला त्रास होतोय, असं ऐकलं तर तुम्ही दवाखान्यात बोलावत बसत नाही. थेट मोठ्या हॉस्पिटलच्या तातडीच्या विभागात पाठवता. मानेत उतरणाऱ्या संसर्गात तास मोजावे लागतात.

एक गोष्ट पैशांच्या हिशेबात कुठेच येत नाही. काहीही त्रास नसलेली दाढ "आलोच आहोत तर काढून टाका" म्हणणाऱ्याला तुम्ही थांबवता. निरोगी, न दुखणारी अडकलेली दाढ सरसकट काढू नये, असं उपचारांबद्दल मार्गदर्शन करणाऱ्या ब्रिटनच्या नाइस संस्थेनेही २००० साली सांगितलं. हिरडी एकदाच आणि थोडी सुजली तर सहसा स्वच्छता पुरते. पुन्हा पुन्हा सुजली, कीड लागली, पुढच्या दाढेचं हाड झिजलं, तर काढायची. पुढचे दात वाकडे होतील या भीतीने काढायची गरज नाही.

सातव्या दिवशी टाके काढायच्या आधी तुम्ही कापसाची बारीक वात करून हनुवटीवरून फिरवता. पेशंटचे डोळे मिटलेले. कळलं नाही तिथे पेनाने कड आखता, फोटो काढता, तारीख घालता. दर महिन्याला तीच वात, तीच कड. बहुतेकांची रेघ आत आत सरकत जाते, आणि ज्याची सरकत नाही त्याला वेळ न घालवता पुढे पाठवता येतं. ते फोटो आज उघडून बसलो होतो. प्रत्येकावर तुमच्या अक्षरात तारीख आहे.

मनापासून आभार.

तुमचे,
दवाखान्यातले आम्ही सगळे दंतवैद्य