नॅनो क्रीम आणि विदर्भाचा उन्हाळा

संपादक महोदय,

सौंदर्यप्रसाधनांतील नॅनोवाहकांवरचा, म्हणजे उपयुक्त घटक त्वचेत पोचवणाऱ्या अतिसूक्ष्म कणांवरचा, आपल्या पुरवणीतील लेख वाचला. तंत्राची बाजू त्यात नेमकी मांडली आहे. परंतु ही उत्पादने यवतमाळ जिल्ह्यातील तालुक्याच्या गावी येतात तेव्हा त्यांचे काय होते, हे एक औषध विक्रेता म्हणून मांडावेसे वाटते.

त्वचेचा सर्वांत वरचा थर जेमतेम १० ते २० मायक्रोमीटर जाडीचा असला, तरी ५०० डाल्टनपेक्षा (डाल्टन हे रेणूच्या वजनाचे एकक) मोठे रेणू त्यातून सहसा आत जात नाहीत, आणि रेटिनॉलसारखे (अ जीवनसत्त्वाचे एक रूप) लहान रेणू हवा-उजेडाने लवकर खराब होतात. म्हणून घटक फॉस्फोलिपिड या स्निग्ध पदार्थाच्या सूक्ष्म पिशवीत, म्हणजे लायपोसोममध्ये, भरण्याची युक्ती निघाली. १९८६ मध्ये डिओर या फ्रेंच कंपनीने असे क्रीम बाजारात आणले. ही पिशवी सबंध आत शिरते असा जाहिरातींचा सूर असतो, प्रत्यक्षात ती बहुधा वरच्या थरातील स्निग्धांशात मिसळून घटक मोकळा करते.

मात्र हीच पिशवी उष्णतेला नाजूक आहे. जास्त तापमानात तिच्यातील घटक पाझरू लागतो आणि फॉस्फोलिपिडचे ऑक्सिडीकरण वाढते. आमच्याकडे मे महिन्यात पारा ४५ अंशांवर जातो, दुपारी शटरजवळच्या शोकेसची काच हाताला चटका देते, आणि नेमक्या त्याच काचेमागे महागडी क्रीम मांडलेली असतात. इन्सुलिन आम्ही फ्रिजमध्ये ठेवतो. क्रीमला ती जागा कोण देणार? आठवडी बाजारात तर ती टिनाखाली, कित्येकदा उघड्यावरच विकली जातात. बिघडलेले क्रीमही दिसायला पांढरेशुभ्र आणि सुवासिकच राहू शकते, त्यामुळे कापूस वेचून आणलेल्या मजुरीतून ते घेणाऱ्या बाईला फसगत कळण्याचा मार्गच नसतो. बोंडांच्या टोकांनी ओरबाडलेल्या हातांवर ती ते लावते, तेव्हा त्वचेचा अडसर आधीच तुटलेला असतो, हा मुद्दा वेगळाच.

युरोपीय संघात २०१३ पासून नॅनो घटकाचा उल्लेख वेष्टनावर बंधनकारक आहे, पण तेथील व्याख्या न विरघळणाऱ्या किंवा शरीरात टिकून राहणाऱ्या पदार्थांपुरती असल्याने लायपोसोम सहसा तीत बसत नाहीत. तेव्हा आपण केवळ त्याचे अनुकरण करून भागणार नाही. भारताच्या २०२० च्या सौंदर्यप्रसाधन नियमांत सुधारणा करताना, नॅनोवाहकाचा दावा करणाऱ्या प्रत्येक उत्पादनावर साठवणुकीचे कमाल तापमान मराठीतही ठळक छापणे आणि ४५ अंशांवरील टिकाऊपणाची चाचणी सक्तीची करावी. तोवर वितरकांनी असा माल निदान एप्रिल ते जूनमध्ये आमच्या माथी मारू नये.

आपला,
एक औषध विक्रेता, जि. यवतमाळ