शेवटच्या मिनिटातली शांतता

चि. मुक्ता,
अनेक आशीर्वाद.

फोनवर हे मला बोलता आलं नसतं, म्हणून लिहितोय. तुझी 'स्लॅम डंक' ही जपानी चित्रकथा वाचून संपवली. ३१ च्या ३१ खंड. गेल्या आठवड्यात पावसाने नुसतं झोडपलं, दुकानात गिऱ्हाईक फिरकेना, तेव्हा माळ्यावरचं खोकं खाली काढलं. तुझ्या दहावीच्या वर्षी ते मीच वर टाकलं होतं. "कार्टून बघून मार्क पडत नाहीत," असं म्हणालो होतो, तेही पाहुण्यांसमोर. तू एक शब्द बोलली नाहीस, फक्त जेवली नाहीस. भाऊबीजेच्या ओवाळणीतून एकेक करून जमवलेली पुस्तकं होती ती. माझं चुकलं, बाळा.

सुरुवातीला जड गेलं. पुस्तक मागून उघडायचं, चौकटी उजवीकडून डावीकडे वाचायच्या, डोळा सारखा चुकायचा. पण एकदा सवय झाली आणि मग सोडवेना. तो लाल केसांचा साकुरागी मला फार आवडला. भांडकुदळ पोरगा, हारुको नावाच्या मुलीवर छाप पाडायची म्हणून बास्केटबॉलच्या संघात शिरतो, खेळातलं ओ की ठो कळत नाही. बाकीचे सामने खेळतात आणि हा कोपऱ्यात चेंडू आपटत बसतो. पुढे तर एक साधा शॉट बसावा म्हणून २०,००० वेळा चेंडू टाकतो. गोष्टीत सहसा पोराला एका रात्रीत अक्कल येते. इथे ती घामाने येते, आणि तो घाम लेखकाने खंडच्या खंड दाखवलाय.

शेवटचा खंड तुझ्याकडे दोन आहेत, एक इंग्रजी आणि एक मूळ जपानी. जपानीच्या आतल्या कोऱ्या पानावर तुझं पेन्सिलीतलं अक्षर सापडलं. 'दोकी दोकी – धडधड. झा झा – धो धो पाऊस. शीन – सामसूम.' ते पान किती तरी वेळ बघत बसलो. जपानी लोक शांततेलाही आवाज देतात हे मला ठाऊक नव्हतं. पण आपल्याकडे रात्र किर्र असतेच की! आपली भाषा आणि त्यांची भाषा इथे शेजारी येऊन बसतात, आणि ते तू शाळेत असताना शोधलंस, एकटीने. मी तेव्हा तुला प्रमेयं पाठ करायला सांगत होतो.

आता सान्नो या संघाविरुद्धच्या सामन्याबद्दल. चाळीस मिनिटांचा खेळ, आणि तो सहा-सात खंड चालतो. साकुरागीची पाठ दुखावलेली, घड्याळ संपत आलेलं, आणि त्या शेवटच्या क्षणांत लेखक बोलणंच थांबवतो. पानामागून पान चित्रं, संवाद जवळजवळ नाहीतच. घाम, बूट, हात, चेंडू. ७९–७८. आणि मग साकुरागी आणि त्याच्याच संघातला रुकावा, ज्या दोघांचं सबंध गोष्टीत कधी पटलं नाही, ते एकमेकांच्या हातावर टाळी देतात.

मुक्ता, ती शांतता मी ऐकली आहे. तुला कधी सांगितलं नाही. जिल्ह्याच्या खो-खोच्या अंतिम सामन्यात मी शेवटचा पळणारा गडी होतो. भोवती गाव लोटलं होतं, सगळे ओरडत असणार, पण मला फक्त माझा श्वास आणि मागून येणारी पावलं ऐकू येत होती. पुढच्याच वर्षी गुडघा गेला आणि खेळ सुटला. त्या मिनिटाबद्दल तीस वर्षांत कोणाला सांगता आलं नाही, कारण शब्दच नव्हते. या गोष्टीचा लेखक ताकेहिको इनोउए शाळेत असताना स्वतः बास्केटबॉल खेळलेला माणूस आहे असं वाचलं, आणि उलगडा झाला. ज्याने ते ऐकलंय त्यालाच तिथे गप्प राहायचं कळतं.

आणि पुढच्याच फेरीत साकुरागीचा संघ हरतो, तेही दोन-तीन ओळींत उरकलंय. मला आधी राग आला. रात्रभर विचार केला, मग पटलं. त्या पोरांचा खरा सामना होऊन गेला होता.

इनोउएंनी स्वतः दिग्दर्शित केलेला २०२२ सालचा सिनेमा आपल्याकडे लागला, तेव्हा तू मला चल म्हणाली होतीस. मी दुकानाचं कारण सांगितलं. आता तू म्हणशील तेव्हा बघू, घरी लॅपटॉपवर का होईना. जाता जाता एक, आम्ही दूरदर्शनवर ज्याच्यासाठी रविवारी लवकर उठायचो तो मोगलीही जपानीच निघाला, १९८९ सालचा. म्हणजे नाद तुझ्या आधी माझ्याकडे होता.

खोकं आता माळ्यावर नाही. पुस्तकं तुझ्या टेबलाशेजारच्या कपाटात क्रमाने लावलीत. जपानी ३१ वा तेवढा माझ्या उशाशी आहे. त्यात तुझे पेन्सिलीचे दोन शब्द पुसट झालेत, चष्मा लावूनही लागत नाहीत. दिवाळीला आलीस की वाचून दाखव.

तुझा
बाबा